हातातला दुसरा फ्लॅश

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर बहुतेक वेळा वाचून हसते. पिंपळ, अमावस्या, पांढरी साडी... आमच्या घरात हा विषयच नव्हता. वडील हायस्कूलात विज्ञान शिकवायचे, पुढे मीही शिक्षिका झाले. "बाई, भूत असतं का?" असं पोरांनी विचारलं की मी उलट विचारायची, "तू पाहिलंस का? नाही ना? मग झालं तर!" इतकं सोपं होतं ते सगळं.

आज लिहायला बसले ते ह्यांच्यामुळे. हे, म्हणजे आमचे मिस्टर, परवा म्हणाले, "तू लिही. मी सांगितलं तर लोक म्हणतील, फोटोग्राफर आहे, काहीतरी ट्रिक केली असेल."

तर... ट्रिक नव्हती. नावं तेवढी बदलली आहेत.

नव्वदच्या दशकातली, साधारण मधल्या वर्षांतली गोष्ट. आम्ही तेव्हा सुरतेत डिंडोलीला राहायचो. मी एका मराठी शाळेत शिकवायची. ह्यांचा नवागामच्या रस्त्यावर छोटासा स्टुडिओ होता. आजूबाजूला सगळी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारी खानदेशी माणसं – अमळनेर, शिंदखेडा, नंदुरबारकडची. त्यांची लग्नं, बारशी, पोरांचे शाळेचे फोटो, सगळं ह्यांच्याकडेच.

तोपर्यंत बाकीचे फोटोग्राफर छोट्या कॅमेऱ्यावर गेले होते. ह्यांनी मात्र आपला जुना कॅमेरा सोडला नव्हता – एकावर एक दोन भिंगं असलेला, पोटाशी धरून वरून खाली बघायचा. रुंद फिल्म, रोलमध्ये बाराच फोटो. पण निगेटिव्ह एवढी मोठी, की लग्नातल्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या आजोबांच्या टोपीची घडीसुद्धा दिसायची. बाकी लग्न ते छोट्या कॅमेऱ्यावर काढायचे, पण नवरा-नवरी आणि घरचे लोक ह्याच कॅमेऱ्यावर. आणि त्यासाठी दोन फ्लॅश लागायचे. एक कॅमेऱ्याच्या बाजूला दांडीवर, त्याची बॅटरी खांद्याला लटकवलेली. आणि दुसरा माझ्या हातात.

हा दुसरा फ्लॅश नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्याचीच आहे. त्याला वायर नव्हती. त्याच्या पुढच्या बाजूला एक छोटा काचेचा डोळा होता. समोर दुसरा फ्लॅश उडाला की तो डोळा ते बघणार आणि त्याच क्षणी माझ्या हातातला फ्लॅशही उडणार. धंद्यात त्याला 'स्लेव्ह' म्हणायचे. मी सुट्टीच्या दिवशी ह्यांच्याबरोबर जायची, बाजूला उभी राहून तो उंच धरायची. लोकांच्या तोंडावर एका बाजूने पडणारी काळी सावली त्यामुळे निघून जायची. साधं काम. पण एक लक्षात ठेवा – समोर दुसरा फ्लॅश दिसल्याशिवाय तो उडत नाही. ट्यूबलाइटने नाही, व्हिडिओवाल्याच्या हॅलोजनने नाही, उन्हाने नाही.

ते लग्न कतारगामच्या एका वाडीत होतं. सुरतेत लग्नाच्या हॉलला वाडी म्हणतात. जुनी वाडी – पुढे मोठा हॉल, मागे स्वयंपाकाची शेड आणि त्याच्या मागे फरसबंदी अंगण. मुलगी नवागामची, सुनीता. तिचा भाऊ संजय लूमवर मास्तर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा. त्याची बायको रेखा आणि त्यांची चार-पाच वर्षांची पोर – मोनी. मोनी म्हणजे लग्नातलं खेळणं होतं नुसतं. हिरवं परकर-पोलकं, गळ्यात खोटे मोती, आणि सारखी ह्यांच्या पायात. "मना फोटो काढा ना, मना फोटो काढा ना..."

लग्न दुपारी लागलं. जेवणाच्या पंगती सुरू झाल्या. नवरदेवाकडच्यांना नंदुरबारला परत जायचं होतं, त्यांची बस रस्त्यावर उभी होती, त्यामुळे सगळी घाई. स्टेजवर आम्ही ग्रुप फोटो काढत होतो. संजयचं कुटुंब आलं – आणि मोनी नाही.

"मनी मोनी दखी का वं कोनी?" रेखाने सहज विचारलं. मग जरा मोठ्याने विचारलं. मग तिचा आवाज बदलला.

तुम्ही लग्नात पोर हरवल्याचा गोंधळ बघितला असेल. आधी सगळे हसतात, असेल इथेच म्हणतात. मग कोणीतरी म्हणतं, रस्त्यावर तर गेली नाही? बाहेर कतारगामचा रस्ता, टेम्पो आणि ट्रक सारखे धावताहेत. पुरुष बाहेर पळाले. संजय चपला न घालताच बसच्या मागे, टपरीमागे बघत सुटला. बायकांनी खोल्या उघडल्या, सामानाच्या पेट्यांमागे बघितलं. लाऊडस्पीकर चालूच होता, तो बंद करायचंही कोणाला सुचेना. सुनीता मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत स्टेजच्या कडेला उभी राहून "मोने, ए मोने" करत होती.

ह्यांनी कॅमेरा आणि मोठा फ्लॅश स्टेजवर खुर्चीत ठेवला, सुनीताच्या मामांना तिथे बसवलं आणि रस्त्याकडे गेले. मी मागच्या बाजूला निघाले. हातातला फ्लॅश हातातच राहिला होता. बंद करायचंही लक्षात आलं नाही.

शेडमध्ये आचारी होते, त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी अंगणात आले. टळटळीत ऊन. भांड्यांचे ढिगारे, पाण्याचे पिंप, एका बाजूला सरपण. कोणीही नाही.

आणि माझ्या हातातला फ्लॅश उडाला.

मी दचकले. पहिला विचार हाच आला की हे मागून आले आणि त्यांनी फोटो काढला. वळून बघितलं. कोणी नाही. फ्लॅश परत भरत होता, त्याची ती बारीक शिट्टी वाजत होती... चीं... मग त्याचा लाल दिवा लागला. मी पुन्हा वळले, दोन पावलं पुढे गेले.

पुन्हा उडाला.

आता मला भीती वाटली नाही – हे मुद्दाम सांगते. राग आला. वाटलं, बिघडलाय, आणि हीच वेळ सापडली ह्याला! मी तो शेडकडे वळवला. दिवा लागला, काही नाही. भिंतीकडे वळवला, काही नाही. परत अंगणाच्या कोपऱ्याकडे केला...

उडाला.

त्या कोपऱ्यात जमिनीवर एक गंजका पत्रा होता. त्यावर थोडं सरपण पडलेलं. मला काही तो विशेष वाटला नव्हता, तोपर्यंत. मी जवळ गेले तसा फ्लॅश भरून आला की उडायचा, भरून आला की उडायचा. आणि एकदा, मी अगदी जवळ असताना, पत्र्याच्या कडेची काळी फट क्षणभर पांढरी झाली. आतून. म्हणजे मला तसं वाटलं. माझा फ्लॅशही त्याच क्षणी उडाला होता, त्यामुळे शपथ घेऊन नाही सांगू शकत.

पण दुसरी गोष्ट शपथ घेऊन सांगते. खालून पाण्याचा आवाज येत होता. धो धो. पाइपातून पडणाऱ्या पाण्याचा.

मी किंचाळले असणार, कारण वाडीचे चौकीदार कांतीकाका शेडमधून धावत आले. मी पत्र्याकडे हात केला. ते जागच्या जागी थिजले.

"बेन, त्यां तो टांकी छे!" आणि मग कपाळावर हात मारून, "पाणी आव्युं, पाणी!"

जमिनीखालची टाकी. आणि दुपारचं महापालिकेचं पाणी सुटलं होतं.

पत्रा आम्ही दोघांनी ओढला. आत मोनी होती. पाणी तिच्या हनुवटीला लागलं होतं. पायाखाली काहीतरी होतं तिच्या, वीट की काय कोण जाणे, त्यावर टाचा उंच करून उभी. एका हाताने पाइप घट्ट धरलेला. परकर पाण्यावर फुगून आलेला. रडत नव्हती. आम्ही पत्रा काढला, वरून उजेड पडला, मी हाका मारतेय – तरी तिने वर बघितलं नाही. ती टाकीच्या समोरच्या कोपऱ्याकडे बघत होती. डोळे सताड उघडे.

माझ्या आवाजाने संजय आला. त्याने वाकूनही बघितलं नाही, सरळ उडी मारली.

तिला बाहेर काढलं, शालीत गुंडाळलं. रेखा तिला छातीशी धरून अंगणातच बसली. मी शेजारी बसून पोरीचे तळवे चोळत होते, म्हणून मी ऐकलं. मोनी आईला अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "फोटोवाला व्हता तठे. डोया मिचू नको म्हने."

फोटोवाला होता तिथे. डोळे मिटू नको म्हणत होता.

तोपर्यंत हेही येऊन पोचले होते. त्यांनी हे ऐकलं. खाली बसून त्यांनी तिला विचारलं, "मी होतो का, मोनी? माझ्यासारखा होता?"

तिने मान हलवली. नाही.

"मग कसा होता?"

"दिसना नही," ती म्हणाली. "उजेड पडे ना."

बरोबर आहे. तुमच्या तोंडावर फ्लॅश उडाला की त्याच्या मागचा माणूस तुम्हाला दिसत नाही.

त्या वेळी कोणीच त्याचा विचार केला नाही. पोर वाचली होती. पत्र्यावर चढली असेल, तो तिरका झाला असेल, ती आत पडल्यावर परत बसला असेल – सगळ्यांनी आपापसात लावलं. नवरदेवाकडचे घाई करत होते, पण सुनीता हटून बसली. मोनीला मांडीवर घेऊन फोटो काढल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही, म्हणाली. ह्यांनी काढला. सुनीता, मांडीवर शालीतली मोनी, शेजारी रेखा. मी बाजूला दुसरा फ्लॅश धरून उभी. ह्या वेळी तो अगदी शहाण्यासारखा उडाला, एकदाच, ह्यांच्याबरोबर.

रोल धुऊन आल्यावर हे स्टुडिओत निगेटिव्हवर भिंग लावून बसले होते. मी शाळेतून तिथेच जायची, चहा घेऊन मग घरी. त्या दिवशी त्यांनी चहाकडे बघितलं नाही.

"जरा इकडे ये. डोळे बघ."

फोटो काढताना ज्याचं तोंड समोर असतं त्याच्या डोळ्यात प्रत्येक फ्लॅशचा एक ठिपका उमटतो. निगेटिव्हवर उजेड काळा दिसतो, म्हणून काळे ठिपके. सुनीताच्या डोळ्यात दोन. रेखाच्या डोळ्यात दोन. एक ह्यांचा, एक माझा.

मोनीच्या डोळ्यात तीन होते.

दोन्ही डोळ्यांत तीन तीन. आणि तिसरा बाकीच्यांपेक्षा मोठा. खालच्या बाजूला. हे म्हणाले, मोठा म्हणजे जवळचा. तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर, जमिनीलगत कोणीतरी फ्लॅश धरला असता तर असा आला असता. ज्या सुनीताच्या मांडीवर ती बसली होती तिच्या डोळ्यात मात्र तो नाही. एकच फोटो, एकच क्षण.

"फिल्मचा डाग असेल," मी म्हटलं.

"दोन्ही डोळ्यांत? सारख्याच जागी?"

पण मी काही लगेच शरण जाणारी नव्हते. आम्ही तो फ्लॅश सगळ्या तऱ्हेने तपासला. उन्हात धरला, अंधारात धरला, आरसा चमकवून बघितला, ट्यूबलाइट चालू-बंद केली. वेल्डिंगच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले मी, लोक बघत होते. एकदाही आपणहून उडाला नाही. मग एका रविवारी परत त्या वाडीत गेलो. टाकीवर आता लोखंडी झाकण बसवलं होतं. कांतीकाकांनी ते उघडून दिलं. मी वरून फ्लॅश धरला, चहूकडे फिरवला. काही नाही. खाली नुसतं पाणी.

ह्यांनी कांतीकाकांना हळूच विचारलं, इथे आधी कधी काही झालं होतं का... कोणी पडलं-बिडलं... कोणी फोटोग्राफर...

काका उलट चिडले. वाडी बांधल्यापासून ते तिथे होते. कोणी पडलं नाही, कोणी मेलं नाही, शेकडो लग्नं झाली, सगळी सुखरूप. "भाई, अहींया कशुं ज नथी थयुं," म्हणाले. इथे काहीच झालेलं नाही.

मला वाटतं, त्या उत्तराने मी जास्त घाबरले. काहीतरी झालं असतं तर निदान गोष्ट तरी झाली असती.

पुढच्या जूनमध्ये मोनी आमच्याच शाळेत पहिलीला आली. माझा वर्ग नव्हता, पण पोर मधल्या सुट्टीत दिसायची. डोळे लाल, सारखे पाणावलेले. मला वाटलं, डोळे आलेत. मग एक दिवस रेखा शाळेच्या फाटकाशी थांबली होती. वाळून काडी झाली होती ती.

"बाई, तुम्हाला सांगू का..." आजूबाजूला बघून ती म्हणाली. "निजस पन डोया मिचत नही."

झोपते, पण डोळे मिटत नाही. त्या दिवसापासून. अगदी पेंगून पडली तरी पापण्या अर्ध्या उघड्या, आणि कोणी हाताने मिटायला गेलं की किंचाळून उठते. डॉक्टरांनी थेंब दिले, म्हणाले काही मुलं झोपतात अशी. सासूने गावाकडून भगत आणला, त्याने लिंबू उतरवलं. काही फरक नाही. डोळ्यांना इजा होईल असं आता डॉक्टरही म्हणायला लागले होते.

मी मोनीला जवळ घेतलं. "मोनी, डोळे का मिटत नाहीस गं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू इतकी सोपी गोष्ट मला कशी कळत नाही. "त्यानी आजून 'झायं' म्हनं नही."

त्याने अजून 'झालं' म्हटलं नाही.

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे मग म्हणाले, "'डोळे मिटू नका' हे मी रोज शंभर लोकांना म्हणतो. तिने माझंच ऐकलं असेल, आणि डोक्यात तेच राहिलं असेल." मग जरा थांबून म्हणाले, "पण त्यांना नंतर 'झालं' पण म्हणतोच की मी."

त्या रविवारी दुपारी रेखा मोनीला घेऊन स्टुडिओत आली. ह्यांनी मुद्दाम जुना कॅमेरा काढला होता, तोच. फ्लॅश मात्र एकच, मोठा. दुसरा घरी कपाटात ठेवला होता, मी स्वतः ठेवला होता. मोनीला स्टुलावर बसवलं. बाहेर रिक्षांचे आवाज, शेजारच्या लूमचा खडखडाट, सगळं नेहमीसारखं.

"इकडे बघ मोनी, ह्या काचेत. डोळे मिटू नको हं."

ती बघत होती. पापणीही हलत नव्हती. फ्लॅश उडाला.

ह्यांनी कॅमेरा खाली घेतला. ग्राहकांशी बोलतात तसं, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "झालं! छान आला फोटो. मीट आता डोळे."

मोनी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने मान वळवली. डावीकडे, खाली. तिथे भिंतीशी कोपरा होता, मोकळा. ती त्या कोपऱ्याकडे बघत बसली. वाट बघत असल्यासारखी. रेखाने माझा दंड इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ उठला.

आणि मग मोनीने मान हलवली. मोठ्या माणसाने काही सांगितल्यावर लहान मूल 'हो' म्हणतं ना, तशी.

आणि डोळे मिटले.

स्टुलावरून ती पडायच्या आत ह्यांनी तिला धरलं. ती तिथेच, त्यांच्या खांद्यावर गाढ झोपली. संध्याकाळपर्यंत उठली नाही. रेखा जमिनीवर बसून हुंदके देत रडत होती, आणि पोर जागी होईल म्हणून पदर तोंडात कोंबत होती.

त्यानंतर तिला काही त्रास झाला नाही. तो फोटोही ह्यांनी धुऊन आणला. अगदी साधा आला. शाळेच्या दाखल्याला लावतात तसा. डोळ्यात एकच ठिपका, ह्यांच्या फ्लॅशचा. रेखाने तो फ्रेम करून घेतला.

मोनी आता तिशीच्या पुढे गेलीय, उधन्याला असते, तिला स्वतःची मुलगी आहे. तिला यातलं काहीएक आठवत नाही. टाकीत पडली होती हे आईने सांगितलं म्हणून माहीत आहे, एवढंच. आम्हीही कधी विचारलं नाही.

स्लेव्ह फ्लॅशचा बिघाड म्हणा, घाबरलेल्या लहान पोरीचे भास म्हणा, फिल्मचा दोष म्हणा – मी स्वतः ही सगळी कारणं वर्षानुवर्षं स्वतःला सांगितली आहेत. एकेक वेगळं धरलं तर पटतंही. पण त्या दुपारी स्टुडिओत मी तिथे उभी होते. ह्यांनी 'झालं' म्हटलं तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत. ह्यांचं ऐकून नाही मिटले.

त्या कोपऱ्यात कोणी नव्हतं. मी बघत होते, तिथे कोणीच नव्हतं... मग ती 'हो' कोणाला म्हणाली?